समुद्राची चव

बालमित्रांनो, आधी तुम्हाला एक कबुली देते. मी एकदा वर्गात खोटं बोलले. बाईंनी खोटं बोलायचं असतं का? मुळीच नाही! पण बोलले खरी. आणि त्या एका खोट्यापायी आमचं सगळं घर चारशेहून जास्त किलोमीटर फिरून आलं. त्याचीच ही हकीकत.

माझी शाळा धाराशिव जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यात आहे. आपला जिल्हा, म्हणजे पूर्वीचा उस्मानाबाद, नकाशात पाहा. चहूबाजूंनी जमीनच जमीन. बालाघाटचे डोंगर, काळं रान, ज्वारी, सोयाबीन. समुद्राचं नाव नाही! सप्टेंबरमध्ये मी चौथीला शिकवत होते, "समुद्राचं पाणी खारट असतं." तेवढ्यात मागच्या बाकावरून एक हात वर आला. हा मुलगा फार बोलत नाही. पण बोलला की नेमकं बोलतो.

"बाई, तुमी चाखलंय का ते पाणी?"

मी म्हटलं, "हो, चाखलंय की!" आणि पटकन वळून फळ्यावर पुढचा मुद्दा लिहायला लागले.

मुलांनो, मी ते पाणी चाखलं नव्हतं. चाखणं राहू द्या, वयाची पस्तिशी आली तरी मी समुद्र डोळ्यांनी पाहिलाही नव्हता! बारा वर्षं 'समुद्र खारट असतो' असं शिकवत होते, ते पुस्तकात वाचून. पुस्तकात वाचून सांगणं चूक नाही. पण न चाखता 'चाखलंय' म्हणणं ही मात्र चूकच.

दसरा झाला आणि तो मुलगा वर्गात दिसेनासा झाला. त्याचे आई-वडील ऊसतोडणीला जातात. आपल्याकडची कितीतरी कुटुंबं दरवर्षी अशी निघतात. भांडीकुंडी, अंथरुणं, ज्वारीचं पोतं, कोंबड्या, शेळी, सगळा संसार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरायचा आणि साखर कारखान्यांच्या भागात जायचं. पाच-सहा महिने तिथं पाचटाच्या झोपडीत राहायचं. तिला 'कोपी' म्हणतात. गावी मागं राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं असतात. पण त्याला लहान बहीण आहे, तिला सांभाळायला घरात दुसरं कुणी नाही. मी त्याला शिक्षण हमी कार्ड भरून दिलं. ते दाखवलं की जिथं जाईल तिथल्या शाळेत बसता येतं. कार्ड नीट घडी करून खिशात ठेवत तो गेला. त्याचं बाक रिकामं झालं, आणि माझं खोटं मात्र वर्गातच राहिलं.

मग दिवाळीच्या सुट्टीत मी घरी जाहीर केलं, "आपण समुद्र बघायला जायचं!"

माझ्या दिरांची प्रवासी गाडी आहे. शाळेच्या दिवसांत ती मुलांची ने-आण करते, सुट्टीत रिकामी उभी असते. भाऊजींनी तिची मागची बाकं काढली, खाली सतरंज्या आणि गाद्या अंथरल्या, खिडक्यांना जाऊबाईंच्या जुन्या साड्यांचे पडदे लावले. एका कोपऱ्यात पिठाचा डबा, चटणीची बरणी, शेंगदाण्याचे लाडू, दिवाळीचा उरलेला चिवडा आणि पाण्याचे दोन मोठे कॅन. छोटी गॅसची शेगडीही घेतली. मात्र सासूबाईंचा कडक नियम होता, शेगडी गाडीत पेटवायची नाही. खाली उतरायचं, मोकळ्या जागी मांडायची.

झालं की नाही चाकांवरचं घर! परदेशात अशी घरं मुद्दाम बनवतात. आत पलंग, ओटा, न्हाणीघरसुद्धा असतं. लोक ती घेऊन महिना-महिना फिरतात. आपल्या महाराष्ट्र सरकारनेही २०२१ साली अशा 'कॅरव्हॅन' पर्यटनासाठी धोरण आणलं. आमच्या गाडीत ओटाही नव्हता आणि न्हाणीघरही नव्हतं. पण घरातली आठ माणसं होती, आणि घर म्हणजे आणखी काय हवं?

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी, कार्तिक शुद्ध तृतीयेला, पहाटे चार वाजता आम्ही निघालो. आता एक गंमत ऐका. तुळजापूरवरून जो मोठा महामार्ग जातो ना, त्याचं एक टोक नागपूरला आणि दुसरं रत्नागिरीला आहे. म्हणजे आपल्या दारावरून जाणारा रस्ता थेट समुद्राला जाऊन भेटतो! मी इतकी वर्षं त्याच रस्त्याने तालुक्याला बैठकीला जात होते. पण तो पुढं कुठं जातो हा विचार कधी मनात आला नव्हता.

सोलापूर मागं पडलं तेव्हा झुंजुमुंजू झालं होतं. मंगळवेढ्याजवळ ज्वारीची कोवळी रानं वाऱ्यावर डोलत होती. इथली ज्वारी साऱ्या महाराष्ट्रात नावाजलेली. सांगोल्याला डाळिंबाच्या बागा दिसल्या. एका चिंचेच्या झाडाखाली शेगडी मांडून पोहे केले. मिरज आलं तेव्हा सासूबाई एकदम म्हणाल्या, "अगं, हीच का ती पाण्याच्या रेल्वेची मिरज?"

हीच ती. २०१६ च्या उन्हाळ्यात आपल्या शेजारच्या लातूरला इतका दुष्काळ पडला की पिण्याचं पाणी रेल्वेने न्यावं लागलं. ते याच मिरजेहून गेलं. एप्रिलमध्ये पहिली गाडी निघाली तेव्हा तिच्यात ५ लाख लिटर पाणी होतं. त्या वर्षी आमच्या गावातही टँकर यायचा. सासूबाईंनी घागरींची रांग आठवून सुस्कारा सोडला आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

वाटेत उसाने भरलेल्या ट्रॉल्या दिसू लागल्या. एका ट्रॉलीत ऊस नव्हता, घर होतं. पत्र्याची पेटी, पाटा-वरवंटा, बाज, आणि सगळ्याच्या वर गोधडीत गुंडाळलेली दोन मुलं. माझी धाकटी म्हणाली, "आई, यांचंपण चाकांवरचं घर!" मी "हो" म्हटलं. पण मुलांनो, दोन्ही घरांत फरक होता. आमचं घर हौसेने निघालं होतं. चार दिवसांनी परतणार होतं.

कोल्हापूर ओलांडून आंबा घाटाला लागलो आणि सगळा देखावाच बदलला. काळी माती संपली. लाल माती, जांभा दगड, कौलारू घरं, दाट झाडी! इकडे इतकं हिरवं का? समुद्रावरून येणारे पावसाळी ढग सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथंच कोसळतात. रत्नागिरीला वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. घाट ओलांडून आपल्याकडे ढग येतात ते बरेचसे रिते होऊन. म्हणून आपल्या वाट्याला ७०० मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी!

साडेपाचच्या सुमाराला रत्नागिरी आली. काजळी नदीच्या खाडीवरचा पूल ओलांडला की भाट्ये. तिथं किनाऱ्याला लागून सुरूचं बन आहे. उंच, सडसडीत झाडं, आणि वारा आला की त्यातून 'सूंऽऽ' असा आवाज. सुरूच्या हिरव्या सुया म्हणजे पानं असं आपल्याला वाटतं. पण त्या आहेत नाजूक फांद्या. खरी पानं त्या फांद्यांच्या पेरांवर असतात, इतकी बारीक की डोळे ताणून पाहावी लागतात. ही झाडं वारा अडवतात आणि मुळांनी वाळू धरून ठेवतात, म्हणून किनाऱ्यांवर मुद्दाम लावतात.

बनातून वाळूवर पाय टाकला, आणि समोर समुद्र!

काय सांगू? मुलं ओरडत धावली. मी मात्र जागीच उभी राहिले. चित्रात समुद्र निळा असतो. हा राखाडी होता, सोनेरी होता, दर क्षणाला वेगळा होता. आणि त्याचा आवाज! तो कुठल्याच पुस्तकात नसतो. सासूबाईंनी हात जोडले. मग हळूच म्हणाल्या, "अगं बया! एवढं पाणी? आणि आपण घागरीसाठी रांगेत उभं ऱ्हायलो!"

मी पुढं गेले. वाकले. ओंजळीत पाणी घेऊन जिभेवर ठेवलं.

खारट! नुसतं खारट नव्हे, कडवट-खारट. घशापर्यंत झोंबलं. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे सहा-सात चहाचे चमचे. तहान लागली तरी हे पाणी पिता येत नाही. उलट त्यातले क्षार बाहेर टाकायला शरीराला आणखी पाणी लागतं. आता मी खरं बोलू शकत होते, "हो, चाखलंय."

रात्री मुक्काम कुठं? जवळच एक आजोबा राहत होते. त्यांच्या अंगणात गाडी लावू का, असं विचारलं. म्हणाले, "लावा हो, नारळाखाली मात्र नको. नारळ पडला तर टपाला भोक पडायचं!" शेगडी मांडली. पिठलं-भाकरी झाली. आजोबांनी ती आवडीने खाल्ली आणि आम्हाला सोलकढी दिली. पश्चिमेला तृतीयेची बारीक कोर दिसत होती. तिच्याकडे बोट दाखवून आजोबांनी माझ्या मुलाला विचारलं, "उद्याची भरती किती वाजता, सांग बघू!"

तो गप्प. तेव्हा आजोबांनी युक्ती सांगितली. मराठी महिन्याची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल तितक्या वाजता साधारण भरती. आज तिसरी तिथी. इतक्यात सासूबाईच बोलल्या, "तीन पाऊणे सव्वादोन!" त्यांच्या लहानपणी पाढ्यांबरोबर पाऊणकीही पाठ करून घेत. म्हणजे दुपारी सव्वादोनला भरती होऊन गेली होती. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं असतात. म्हणजे पुढची रात्री पावणेतीनच्या आसपास. चौथीचा आकडा तीन. उद्या दुपारी तीनला. भरती रोज पाऊण तासाने पुढं सरकते, कारण चंद्र रोज उशिरा उगवतो, आणि भरती-ओहोटी होते ती मुख्यतः चंद्राच्या ओढीने. बघा, पंचांग आणि पाढा जमला की घड्याळाशिवाय समुद्र कळतो!

इतकं सगळं शिकलो आणि गाडीत गाढ झोपलो. सकाळी उठलो तर चपला कुठं? संध्याकाळी पाण्यात जाताना आम्ही चार जोड वाळूवर काढून ठेवले होते. तेव्हा समुद्र लांब होता ना! धावलो. समुद्र आताही मागं सरकत होता. पण वाळूवर खूप वर एक ओली रेघ होती. रात्रीची भरती तिथवर येऊन गेली होती. त्या रेघेवर सुरूची बोंडं, शिंपले, दोरीचे तुकडे, प्लास्टिकच्या बाटल्या आणि आमच्या पाच चपला होत्या. तीन गेल्या त्या गेल्या! 'भरती किती वाजता' याचं उत्तर पाठ होतं. पण ते चपलांना लावायचं कुणाला सुचलं नाही. बाईंनाही नाही!

ओहोटीच्या ओल्या वाळूवर मुलांना दुसरी गंमत सापडली. बाजरीच्या दाण्याएवढ्या वाळूच्या शेकडो गोळ्या, कुणी रांगोळी घातल्यासारख्या. त्या करणारे खेकडे नखाएवढे असतात. ते वाळू तोंडात घेतात, त्यातलं अन्न खातात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतात. पावलाची चाहूल लागली की बिळात पसार! दिवसभरात आम्ही रत्नदुर्ग पाहिला आणि थिबा राजाचा राजवाडाही. हा ब्रह्मदेशाचा राजा. इंग्रजांनी १८८५ साली त्याचं राज्य घेतलं आणि त्याला इथं आणून ठेवलं. १९१६ साली तो इथंच वारला. घराकडे परत जाणं त्याच्या नशिबी आलं नाही.

संध्याकाळी किनाऱ्यावर बसून मी मुलांना आपल्या तेरची गोष्ट सांगितली. तेर म्हणजे जुन्या काळचं तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या पुस्तकात तगरचं नाव आहे. तगरहून पैठण दहा दिवसांच्या वाटेवर, असं तो लिहितो. तिथलं कापड गाड्यांतून, अवघड वाटांनी भडोचच्या बंदराला जाई आणि तिथून जहाजांत चढे. म्हणजे आपल्या भागातल्या माणसांची समुद्राशी ओळख फार जुनी. मधल्या काळात आपणच ती विसरलो!

निघताना मी एक बाटली समुद्राच्या पाण्याने भरून घेतली. ती कुणासाठी, हे तुम्ही ओळखलंच असेल.

त्याच्या वडिलांचा फोन नंबर माझ्याजवळ होता. त्यांची टोळी जयसिंगपूरजवळ उतरली होती, आमच्या वाटेवरच. दुपारी तीनच्या सुमाराला आम्ही पोहोचलो. वावराच्या कडेला पंधरा-वीस कोप्या. मोठी माणसं नुकतीच फडातून परतली होती. तो बहिणीला कडेवर घेऊन उभा होता. मला पाहून आधी लाजला, मग पळत आला. "शाळेत जातोस का?" मी विचारलं. म्हणाला, "जातो. पण रोज न्हाई." बहिणीकडे बघून तो गप्प झाला. मी पुढं विचारलं नाही.

मी बाटली त्याच्या हातात दिली. "हे समुद्राचं पाणी. चाख." त्याने झाकणात थोडं घेतलं, बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि असं तोंड केलं की आम्ही सगळे हसलो. मग मी सगळ्यांसमोर म्हटलं, "मी त्या दिवशी वर्गात खोटं बोलले. मी चाखलं नव्हतं. परवा पहिल्यांदा चाखलं."

तो शांतपणे म्हणाला, "मला म्हाईत व्हतं."

"कसं रे?"

"तुमी लगेच फळ्याकडं त्वांड केलं व्हतं."

बघा! मुलांना सगळं कळत असतं. तो रागावला नव्हता. उलट त्याच्या डोक्यात दुसराच प्रश्न घोळत होता. "बाई, पाऊस समुद्रातनंच येतो ना? मग पाऊस खारा का न्हाई?"

या वेळी मी फळ्याकडे तोंड केलं नाही. तिथं फळा नव्हताच! मी म्हटलं, "चल, करूनच बघू." त्याच्या आईने चूल पेटवली. पातेल्यात वाटीभर समुद्राचं पाणी ओतलं. पाणी उकळायला लागल्यावर आईने एक थंड, कोरडं ताट फडक्याने धरून वाफेवर तिरकं पकडलं. ताटाच्या आतल्या बाजूला घाम आल्यासारखे थेंब जमले आणि उतारावरून एका वाटीत पडू लागले. वाटी निवल्यावर त्याने बोट बुडवून चाखलं.

"गोडं हाय!"

आणि पातेल्यातलं पाणी आटल्यावर तळाला पांढरा थर उरला. तो चाखायची गरजच नव्हती. समुद्रावर हेच घडतं. चुलीच्या जागी ऊन. पाण्याची वाफ होऊन ती वर जाते, मीठ खाली राहतं, वाफेचे ढग होतात, आणि ताटाच्या जागी आहे वरची थंड हवा. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे ते एवढं पाणी आपल्याकडं येतंच की!" येतं ना! आपल्या बोरी नदीतही तेच पाणी येतं. ती भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. एका समुद्रातून आलेलं पाणी दुसऱ्या समुद्राला जातं. वाटेत आपण ते किती अडवतो, किती जपतो, एवढंच आपल्या हातात.

तोवर आजूबाजूच्या कोप्यांतली दहा-बारा मुलं गोळा झाली होती. बाटली अर्धी उरली होती. आम्ही गाडीत बसेपर्यंत तो पुन्हा पातेलं धुऊन आणत होता. मागून त्याचा आवाज आला, "सरका जरा, वाफ भाजंल!" अगदी माझ्यासारखाच.

मुलांनो, तुमच्याकडे समुद्राचं पाणी नसेल तर साध्या पाण्यात मीठ घालून हा प्रयोग करता येईल. मात्र घरातलं मोठं माणूस शेजारी हवं. वाफेने हात भाजतो. आणि दुसरी गोष्ट. तुमच्या वर्गात एखादं बाक सध्या रिकामं असेल, तर तिथं बसणारा आता कुठं आहे ते बाईंना किंवा गुरुजींना विचारा. काय शिकून झालं, ते वहीच्या शेवटच्या पानावर त्याच्यासाठी लिहून ठेवा.

आमच्या वर्गात आम्ही तसं करतो. सुट्टीनंतर मी मुलांना सगळं खरं सांगितलं. मागच्या बाकावर आता एक शिंपला ठेवला आहे. ऊस संपला की त्याचा मालक येणार आहे. येताना आणखी एखादा प्रश्न आणेलच. त्याचं उत्तर मला येत नसलं, तर या वेळी मी तसं सांगणार आहे.